लेबलावरची दुसरी सही

"किती घेतलं?"

"दहा."

"कितीत केलं?"

"शंभरात."

"कशातून घेतलं?"

"शंभरवाल्यातून."

"मंग दहाचं झालं. लाव लेबल."

माझ्या नोकरीची बरीच वर्षं रोज सकाळी हा संवाद झाला. विचारणाऱ्या मॅडम माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी बसलेल्या असत आणि मी टेबलापाशी फ्लास्क धरून उभी. गावोगावचे लोक पाण्याचे कॅन घेऊन दारात थांबलेले असले की ऐकत राहत आणि एकमेकांकडे बघत. या दोघी बाया सकाळी सकाळी कशाचे पाढे म्हणताहेत, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचा. मला समजावून सांगायचा कंटाळा यायचा. कॅन ठेवा आणि गावाचं नाव लिहा, एवढंच मी बोलायची.

आमची प्रयोगशाळा म्हणजे हायवेवरच्या एका तालुक्याच्या गावात, मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. काम पाणी तपासायचं. आमच्या भागात काही बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं. असं पाणी वर्षानुवर्षं प्यालं की पोरांचे दात तपकिरी पडतात आणि मोठ्यांचे गुडघे धरतात. तर ते किती आहे हे यंत्रावर बघायचं. पण यंत्राला आपोआप काही कळत नाही. त्याला आधी शिकवावं लागतं की हे बघ बाबा, एक म्हणजे एवढं, दीड म्हणजे एवढं, दोन म्हणजे एवढं. मग ते अनोळखी पाणी बघून आकडा सांगतं. शिकवायला जी पाणी लागतात त्यांना प्रमाण द्रावणं म्हणतात आणि ती आपल्या हाताने करावी लागतात.

करायची रीत अगदी सोपी. एका बाटलीत मूळ द्रावण असतं, लिटरला शंभर मिलिग्रॅमचं. त्यातलं दहा मिली पिपेटने काढायचं, शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये सोडायचं आणि मानेवरच्या खुणेपर्यंत शुद्ध पाणी भरायचं. झालं दहाचं. त्या दहाच्यातून पंधरा मिली घेऊन पुन्हा शंभरापर्यंत नेलं की दीडचं. पाहुणे आले की घरोघरी बायका पाणी घालून ताक वाढवतात तसंच हे, फक्त आम्हाला किती वाढवलं ते सांगावं लागतं. गणित पाचवीतलं. आणि घोळ तिथेच होतो. अवघड गणित असलं की माणूस दचकून दोनदा बघतो. पंधराला दहाने भागताना कोण दोनदा बघणार?

बाटलीवरचा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. यंत्र बिचारं आपण सांगू ते खरं मानतं. दीड ही आमची हद्द. त्याच्या वर गेलं की हातपंपाला लाल रंग, पिऊ नका. खाली असलं की खुशाल प्या. माझ्या हातून दीडच्या बाटलीत काही भलतंच भरलं तर ज्यांनी प्यायला नको ते पीत राहणार, आणि चांगल्या पाण्यावाल्यांच्या बाया उगाच दूरवरून घागरी आणणार. त्यांना कळणारही नाही की चूक पाण्यात नव्हती, माझ्या भागाकारात होती.

म्हणून मॅडमनी ती पद्धत बसवली होती. जिने द्रावण केलं तिने लेबल लावायचं नाही. दुसरीने पाठ करून बसायचं, फ्लास्क बघायचा नाही, पहिलीचा कागद बघायचा नाही, फक्त तीन प्रश्न विचारायचे आणि डोक्यात हिशोब करून उत्तर सांगायचं. दोघींचं उत्तर जुळलं तरच लेबल, आणि लेबलावर दोघींच्या सह्या. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. वरून फक्त दोन सह्या मागत, पाठ करून बसा असं काही कोणी सांगितलं नव्हतं. ते खूळ मॅडमचं.

मॅडम भंडाऱ्याच्या. बुटक्या, काटक, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. मी तिखट आहे असं माझे भाऊ सांगत फिरतात, पण मॅडमपुढे माझा सगळा तिखटपणा उतरायचा. पिपेटच्या टोकाला थेंब लटकलेला दिसला की त्या म्हणत, "तो थेंब कायले ठेवला वं? घरी घेऊन जाशील का?" उत्तर चुकलं तर मात्र ओरडत नसत. फक्त "पुन्हा पाह्य," म्हणत आणि पाठ न वळवता थांबत. त्या थांबण्याला मी जास्त घाबरायची.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं करडीत माझ्यापेक्षा दुसऱ्यांनाच जास्त पाठ आहेत. करडी माझं गाव. तिथे भाऊ आहेत, धानाचे बांध आहेत, भाचेमंडळी आहेत. धान कापणीच्या दिवसांत मी जाते, दोन दिवस बांधावर उभी राहते आणि भाऊ "आमची साहेबीण आली" म्हणून चिडवून घेतात. मग मी परत येते. तालुक्याच्या गावी हायवेला लागून एका दुकानाच्या वर माझी खोली आहे. ट्रक गेला की ताटातली वाटी सरकते. या खोलीत माझ्याशी बोलायला कोणी नाही आणि ते मी फार मनावरही घेत नव्हते, कारण सकाळी दहा वाजता मला तीन प्रश्न विचारणारं माणूस होतं. दिवसभराचं बोलणं त्या तीन प्रश्नांना लटकून यायचं. भाजी काय केली, कोणाच्या घरी काय झालं, कोणत्या दुकानदाराने कापड आटणारं दिलं, सगळं.

मग मॅडम रिटायर झाल्या. शाल, नारळ, समोसा आणि एका साहेबांचं लांबलचक भाषण झालं. त्यात साहेबांनी त्यांचं नाव चुकीचं घेतलं आणि मॅडमनी तिथेच उभं राहून दुरुस्त केलं. यजमान जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, त्याला तिथेच क्वार्टर. तो आईला घेऊन गेला. जाताना त्या मला म्हणाल्या, "फ्लास्क नीट धुत जाजो." याहून जास्त प्रेमाचं काही त्यांच्याकडून मी ऐकलेलं नाही.

त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मी दुसऱ्या सहीचं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की सध्या दोन्ही सह्या तुम्हीच करा. मी फोनवर जरा चढ्या आवाजात म्हटलं की साहेब, मग एकच सही मोठी करू का? ते हसले. मला हसू आलं नव्हतं.

सुरुवातीला मी स्वतःच स्वतःला विचारायची. किती घेतलं? दहा. कितीत केलं? शंभरात. एकाच तोंडाने विचारायचं आणि त्याच तोंडाने सांगायचं. खिडकीपाशी जाऊन पाठ करूनही बसून पाहिलं, पण टेबलापाशी कोणी नसलं की पाठ कोणाकडे करायची? मी मला कधीच चुकलेली सापडले नाही. त्याचीच भीती वाटायची. मनात एकदा चुकीचा आकडा बसला की दुसऱ्यांदा तोच बरोबर वाटतो, हे मला पक्कं माहीत होतं. दिवसभर बोलणं होत नसे ते वेगळंच. संध्याकाळी भाजीवालीला भाव विचारताना घसा खरखरायचा आणि ती विचारायची, सर्दी झाली का मॅडम? हो, सर्दी, म्हणून मी मेथी घ्यायची.

आणि एके सकाळी फोन वाजला.

"काय वं, विसरली का मले?"

मी खुर्चीवर बसलेच.

"आज काय बनवून राहिली?"

"दोनचं, मॅडम."

"पाहून कोण राहिलं?"

"कोणी नाही. माझं मीच."

"असं कसं चालन? माझा फोन मोडला होता का?" आणि मला बोलायला जागा न देता, "किती घेतलं?"

"वीस," मी म्हटलं.

"कितीत केलं?"

"शंभरात. दहाच्यातून घेतलं."

"दोन. लाव लेबल."

त्या दिवशी मी दुपारचा डबा पूर्ण खाल्ला. तेव्हापासून रोज दहाला मी फोन लावायचा असं ठरून गेलं. कोणी ठरवलं नाही, ठरलं. मागे त्यांच्या घरातला कुकर, नातवंडांची शाळेची गडबड, फॅक्टरीच्या बसचा आवाज. हिशोब झाला की क्वार्टरच्या गप्पा. समोरच्या बाईने तुळशीला किती पाणी घातलं की ती कुजली, सून वरणात हिंग घालत नाही, मुलगा बोलत नाही. मी म्हणायची, मॅडम, मुलगा बोलत नाही की तुम्ही बोलू देत नाही? त्या म्हणायच्या, दोन्ही. लेबलावर त्यांची सही तर होऊ शकत नव्हती. तिथे मीच दोनदा करायची, पण दुसरी सही करताना आता मला खोटं वाटत नव्हतं.

बरेच महिने असे गेले. चांगले गेले, म्हणायला हरकत नाही.

मग आमचे शंभराचे दोन फ्लास्क तडकले. मागणी केली तर पन्नासाचे आले. चालतात तेही, हिशोब तेवढा बदलतो. एका सकाळी मी दहाच्यातून दहा मिली घेऊन पन्नासात केलं. उत्तर दोन. फोनवर मॅडमनी तिन्ही प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "एक."

"मॅडम, पन्नासात केलं."

"ऐकलं ना मी. एक."

सांगायला विचित्र वाटतं, पण मला पहिला संशय स्वतःचाच आला. फोन ठेवून कागदावर केलं. दहा गुणिले दहा, भागिले पन्नास. दोन. पुन्हा केलं. दोन. तरी हात लेबलाकडे जाईना. इतक्या वर्षांत मॅडम चुकलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. शेवटी मी ते द्रावण सिंकमध्ये ओतलं, उरलेला एक शंभराचा फ्लास्क शोधून वीस घेऊन शंभरात केलं आणि पुन्हा फोन लावला. "दोन," त्या लगेच म्हणाल्या. दोघींना बरं वाटलं. मी स्वतःला समजावलं की त्यांची सगळी नोकरी शंभराच्या फ्लास्कवर गेली, पन्नास म्हटलं तरी त्यांच्या डोक्यात शंभरच असणार. पटण्यासारखं होतं आणि मी पटवून घेतलं. त्यानंतर फोनच्या वेळेसाठी मी तो एकच शंभराचा फ्लास्क धुऊन-पुसून बाजूला ठेवू लागले.

पण शंभराच्या फ्लास्कनेही पुढे भागेना. त्या एकच प्रश्न दोनदा विचारू लागल्या. "कितीत केलं?" सांगितलं की थोडं थांबून पुन्हा, "कितीत केलं?" मी दुसऱ्यांदा पहिल्यांदाच सांगते अशा आवाजात सांगायची. फोनचा आवाज नीट येत नसेल, असंही म्हणून पाहिलं.

धान कापणीच्या तोंडावरची गोष्ट. त्या सकाळी मी पाच घेतले होते, शंभरात, दहाच्यातून. म्हणजे अर्धा.

"पाच," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, दहाच्यातून घेतलं. शंभरवाल्यातून नाही."

"मंग काय सांगून राहिली मी? पाच."

मला गप्प बसता आलं असतं. पण आकड्याच्या बाबतीत गप्प बसायला त्यांनीच शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "अर्धा येते मॅडम. झिरो पॉइंट पाच."

मग त्या म्हणाल्या, "आता तू मले शिकवशील?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दहाला मी लावला तर रिंग वाजत राहिली. त्याच्या पुढच्या दिवशीही. रागावल्या, येईल राग खाली, असं म्हणत मी लावत राहिले आणि तो वाजत राहिला. मला त्यांचा राग आला, मग माझा आला, मग दोन्ही ओसरले आणि नुसतं एकटं वाटू लागलं. इतकं की कापणीला करडीला गेले तरी ते एकटेपण जाईना. बांधावर सगळे बोलत होते, पेंढ्या बांधल्या जात होत्या, भावजयीने खास माझ्यासाठी वांग्याची भाजी केली होती आणि मी मनात म्हणत होते की आता दहा वाजले असतील. भाऊ म्हणाला, "साहेबीण काहून चूप आहे वं?" मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं. त्याने लगेच मलम आणून दिलं. मी ते लावलं.

एका रविवारी मी बस धरली. बस लाखनीला बराच वेळ थांबली, ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. भंडाऱ्याहून ऑटोने जवाहरनगर. क्वार्टरच्या सरळ ओळी, चुना मारलेली झाडं, अंगणात गाड्या धुणारी माणसं. सगळी दारं सारखी. दोनदा चुकीच्या दारात उभी राहिले. तिसऱ्या दारात मॅडमच्या सूनबाई भेटल्या. मला बघताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि अंगणातच बाजूला घेतलं.

"आई बम विसरून राहिल्या, काही ध्यानात नाही राहत," त्या म्हणाल्या. "गॅस सुरूच ठेवून देतात. भाजीत दोन-दोनदा मीठ. नागपूरले नेलं होतं. डॉक्टर म्हणते, हे आता असंच वाढत जाईन."

"मले वाटलं, माझ्यावर रागावल्या."

"नाही हो. तुमच्यावर कायच्या रागावतात? सकाळी आंघोळ करून, साडी नेसून फोनपाशी बसतात. दहा वाजले का तुमचा फोन येते. मले उचलू देत नाहीत आणि स्वतःही उचलत नाहीत. वाजते तोवर पाहत राहतात. म्हटलं, बोला ना आई. तर म्हणतात, मी चुकली तर?"

मी त्या अंगणात उभी होते. शेजारच्यांची स्कूटर धुतलेलं पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं होतं, तेवढं मला आठवतं.

आत मॅडम पलंगावर बसल्या होत्या, पहिल्यापेक्षा बारीक, पण केस चापूनचोपून. मला बघून म्हणाल्या, "इतकी वाळली काहून? खात नाही का?" मी म्हटलं, तुम्हीच वाळल्या. चिवडा आला, चहा आला. आम्ही फ्लास्कचं सोडून सगळ्यावर बोललो. समोरच्या बाईच्या तुळशीची गोष्ट त्यांनी मला नव्याने सांगितली आणि मी नव्याने हसले. सूनबाई आत गेल्या तशी त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड मात्र पहिल्यासारखीच होती.

"पोरी, तू मले उत्तर नको विचारू," त्या हळू म्हणाल्या. इतका हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. "उत्तर तूच सांगत जा. मी ऐकीन, आणि बरोबर का चूक ते सांगीन. तेवढं जमते मले."

"चालते मॅडम," मी म्हटलं. "तेच पाहिजे मले."

परतीच्या बसमध्ये मला खरंच आनंद झाला होता. खिडकीशी जागा मिळाली तर मी कंडक्टरशीही गोड बोलले.

सोमवारपासून फोन पुन्हा सुरू झाला आणि पहिल्या रिंगलाच उचलला जाऊ लागला. मी सांगायची, मॅडम, वीस घेतले, शंभरात केले, दहाच्यातून, दोन आलं. त्या थोडं थांबायच्या. मग "बरोबर आहे." आवाजात पुन्हा जोर आला होता. एकदा तर म्हणाल्या, "पाहिलं? माझ्याशिवाय चालते का तुमचं?" मी म्हटलं, कुठलं चालते.

गावांच्या पाण्याशी मात्र मी खेळ केला नाही. सकाळचं द्रावण झाकून ठेवायची, दुपारी मूळ बाटलीपासून सगळं पुन्हा नव्याने करायची आणि दोन्ही यंत्रावर लावून बघायची. दोन्ही सारखी आली तरच पुढचं काम. त्यात वेळ दुप्पट जायचा, पण वेळेची माझ्याकडे टंचाई नव्हती. म्हणजे पाहायला गेलं तर मॅडमच्या "बरोबर"वर काहीच अवलंबून नव्हतं. कामाचं नव्हतं, असं म्हणते मी. माझं होतं.

कारण प्रत्येक वेळी त्या थांबायच्या ना, त्या थांबण्यात त्या हिशोब करत असतील असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे वाटून घ्यायची. माझे आकडे बरोबर असायचे, म्हणून त्यांचं "बरोबर" बरोबर असायचं. त्या खरंच भागाकार करतात की नुसतं ऐकून मान हलवतात, हे कळायला मार्ग नव्हता. आणि मार्ग नव्हता तेच बरं होतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला अजून कोणीतरी पाठ करून बसलं आहे, मी चुकले तर "पुन्हा पाह्य" म्हणणार आहे, एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

थंडी सुरू झाली. सकाळी फ्लास्क हातात धरवत नव्हता इतकं पाणी गार. त्या सकाळी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आदल्या दोन दिवसांच्या सुट्टीत मी कोणाशीही बोललेले नव्हते. येताना वाटेत विचार करत होते की मॅडमनी मला शेवटचं कधी झापलं होतं? आठवेना. मला रागावणारं या जगात आता कोणी उरलंय का, असं काहीतरी मनात आलं आणि ते जाईना. मला झापून घ्यायचं होतं. लहान पोर मुद्दाम वाटी सांडतं, तसं.

पंधरा घेतले, शंभरात केले, दहाच्यातून. दीड. झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि मॅडमनी तर ते आयुष्यभर केलेलं. फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"पंधरा घेतले मॅडम," मी म्हटलं. "शंभरात केले. दहाच्यातून घेतले."

"हं."

"अडीच आलं."

त्या थांबल्या. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी दार लोटलं. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखत होता. थांबणं लांबलं. मला उमेद आली. आता म्हणतील, मी मनात म्हणत होते, आता म्हणतील. म्हणा ना मॅडम.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "माझंही अडीचच येऊन राहिलं."

त्या खूश होत्या. जुळलं म्हणून खूश होत्या. मला एकदम रडू फुटलं आणि ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी हात लांब करून सिंकचा नळ पूर्ण सोडून दिला.

"ते पाणी कायले वाया घालवून राहिली?" पलीकडून आवाज आला, पहिल्यासारखा, पलीकडची गल्ली जागी करणारा. "बंद कर तो नळ."

मी नळ बंद केला.